दुबईत घर घेताय? पावती नको, सरकारी नोंद पाहा



गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारी विहारातील वंदना आटोपून घरी आलो, तर अंबरनाथचे एक काका आणि काकू येऊन बसलेले. काका आयुध कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. मुलगा दुबईत एसीच्या कामावर आहे. टेक्निशियन म्हणून गेला होता, आता सुपरवायझर झाला. सून तिकडेच एका दवाखान्यात नर्स आहे. जयभीम झाला, चहापाणी झाले आणि काकांनी पिशवीतून एक गुळगुळीत कागदाचे पुस्तक काढले. मुखपृष्ठावर निळे पाणी, आकाशाला भिडणारी इमारत आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले, ‘दुबईत स्वतःचे घर, महिना फक्त एक टक्का’.

‘‘पोरगं म्हणतं, बारा वर्षं दुसऱ्याच्या घराचं भाडं भरलं. तेवढ्या पैशात आपलं घर झालं असतं,’’ काकू म्हणाल्या.

मुलाचे म्हणणे खोटे नाही. ज्याच्या आजोबाला गावकुसाबाहेर राहावे लागले, ज्याच्या बापाने दहा बाय बाराच्या खोलीत संसार केला, त्या मुलाला दुबईत स्वतःच्या नावाची पाटी लावावीशी वाटली तर त्यात चूक काय? मी म्हणालो, ‘‘फार चांगला विचार आहे. कागद दाखवा.’’

कागद एकच होता. नवी मुंबईतील एका हॉटेलात घरांचे प्रदर्शन भरले होते. तेथे काकांनी २५ हजार रुपये टोकन भरले होते आणि त्याची पावती मिळाली होती. आता दलालाचा रोज फोन येत होता. ‘‘पाच लाख रुपये इथेच रोख द्या, तिकडे दिरहम जमा होतील. आठ दिवसांनी भाव वाढणार आहे.’’ बाकीच्या रकमेसाठी अंबरनाथचे राहते घर बँकेकडे गहाण ठेवायचे, असे काकांनी मनाशी ठरवले होते.

‘‘पावती आहे ना, मग भीती कसली?’’ काकांनी विचारले.

हाच प्रश्न अनेक घरांत विचारला जात असेल. आपली मुले-मुली आखातात घाम गाळून चार पैसे साठवतात. त्या पैशाला वाट दाखवायला दलाल टपलेलेच असतात. म्हणून आजचे सदर दुबईतील घर खरेदीवर.

पावती आणि नोंद

आपण गावी जमीन घेतो तेव्हा काय करतो? सातबारा पाहतो. शहरात फ्लॅट घेतला तर दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवतो आणि इंडेक्स टू काढून आणतो. विकणाऱ्याने दिलेल्या पावतीला आपण मालकी समजत नाही. मग परदेशात गेल्यावर हे शहाणपण का विसरावे?

दुबईनेही हा धडा अनुभवातूनच घेतला. २००२ साली तेथे परदेशी लोकांना घरे विकण्यास सुरुवात झाली. पण त्यांच्या मालकीचा रीतसर कायदा २००६ साली आला. मधली चार वर्षे लोक बिल्डरच्या कागदावर विसंबून होते. २००६ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने ठरले, की परदेशी व्यक्तीला फक्त सरकारने नेमून दिलेल्या भागांतच मालकी मिळेल आणि ती दुबई लँड डिपार्टमेंटच्या नोंदवहीत चढली पाहिजे. इंटरनॅशनल सिटी, दुबई मरीना, जुमेराह व्हिलेज सर्कल हे असे भाग आहेत. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की ही जागा परदेशी माणसाच्या नावावर होते का? पूर्ण मालकी मिळते, की ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा? आणि शारजा, अजमान येथील घर असेल तर दुबईचे नियम तेथे लावू नका. प्रत्येक अमिरातीचा कायदा वेगळा आहे.

तयार फ्लॅट घेतला की लँड डिपार्टमेंट नव्या मालकाच्या नावाने टायटल डीड देते. इमारत अजून उभी राहायची असेल, तर त्या फ्लॅटची तात्पुरत्या नोंदवहीत नोंद होते. तिला तेथे ‘ओकूद’ म्हणतात. २००८ च्या तेराव्या क्रमांकाच्या कायद्याने अशी नोंद न केलेली बांधकामाधीन फ्लॅटची विक्री रद्दबातल ठरते. दलालाची पावती, बिल्डरचे स्वागतपत्र, चावी हातात घेतल्याचा फोटो, यांतले काहीही या नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

पैसा कोणत्या खात्यात?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. पैसे कोणाच्या खात्यात भरायचे?

२००८ साली जगभर मंदी आली. दुबईत घरांचे भाव कोसळले. अनेक इमारती पायापाशीच थांबल्या, कित्येक प्रकल्प रद्द झाले. हप्ते भरणारे लोक हात चोळत बसले. ग्राहकाचा पैसा बिल्डरने दुसरीकडे वळवू नये म्हणून त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ साली, आठव्या क्रमांकाचा कायदा आला होता. त्यानुसार बांधकामाधीन प्रकल्पाचे पैसे त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यातच जमा झाले पाहिजेत. बिल्डरला ते मनाला येईल तसे उचलता येत नाहीत. बांधकाम जसे पुढे जाईल तसे ते मिळतात. इमारत पूर्ण झाल्यावरही पाच टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवली जाते. म्हणजे घरात काही दोष निघाला तर बिल्डर लगेच हात झटकू शकत नाही.

पण हे संरक्षण कोणाला? ज्याचा पैसा त्या खात्यात गेला त्याला. दलालाच्या खात्यात किंवा कोणाच्या हातात रोख दिलेल्या पैशाला हा कायदा कसा वाचवणार?

मी काकांना दलालाने दिलेला खाते क्रमांक मुलाला पाठवायला सांगितले. लँड डिपार्टमेंटचे ‘दुबई रेस्ट’ नावाचे मोबाइल अ‍ॅप आहे. त्यात प्रकल्पाची नोंद, बांधकाम किती झाले, दलालाचा परवाना, टायटल डीड खरे की खोटे, हे सारे तपासता येते. घराच्या जाहिरातीलाही तेथे सरकारी परवाना क्रमांक लागतो. मुलाने त्याच संध्याकाळी तपासले. प्रकल्प खरा निघाला, बिल्डरही खरा. पण दलालाने दिलेले खाते प्रकल्पाचे नव्हते, ते त्याच्या स्वतःच्या कंपनीचे होते. आणि त्या दलालाचे नाव परवानाधारकांत सापडलेच नाही.

लक्षात घ्या, फसवणूक करणारा नेहमी खोटी इमारत दाखवतो असे नाही. तो खरी इमारत दाखवतो आणि पैसे मात्र खोट्या दारातून घेतो.

‘इथे रुपये, तिकडे दिरहम’

आता त्या पाच लाख रोख रकमेकडे येऊ. इथे रुपये द्यायचे आणि तिकडे दिरहम मिळायचे, यालाच हवाला म्हणतात. १९९९ च्या फेमा कायद्याने तो बेकायदा ठरतो. तेथे तुमची बाजू कितीही प्रामाणिक असो, पैसा बुडाला तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

सरळ मार्ग उपलब्ध आहे. मुलगा-सून तिकडे कमावतात, तो पैसा त्यांचा आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीयाने परदेशातील कमाईतून तेथे घर घेण्यास आडकाठी नाही. पुढे तो कायमचा भारतात परतला तरी ते घर स्वतःकडे ठेवू शकतो. भारतात राहणाऱ्या माणसाला मात्र रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून, पॅन कार्ड देऊन, बँकेमार्फतच पैसे पाठवावे लागतात. मर्यादा एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीस अडीच लाख अमेरिकी डॉलर आहे. घरखरेदीसाठी वर्षाला १० लाख रुपयांपुढे रक्कम पाठवली, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर कापून घेते. १० लाखांची ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. कापलेला कर विवरणपत्र भरून वळता करता येतो, पण तोपर्यंत तेवढी रोकड अडकते.

आणि काकांचा गहाणाचा बेत? भारतात राहणाऱ्याला या योजनेखाली परदेशात घरासारखी मालमत्ता घेण्यासाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. हे ऐकून काकू पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. त्यांच्या मनात हेच होते, पण पोराच्या हौसेपुढे बोलता येत नव्हते. अंबरनाथचे ते घर त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून आणि स्वतःच्या शिवणकामातून उभे केले आहे. मुलाचे घर व्हावे म्हणून आई-बापाचे छप्पर पणाला लावणे यात शहाणपण नाही.

हप्ता एक टक्का, धोका किती?

‘महिना फक्त एक टक्का’ ऐकायला सोपे वाटते. सहा लाख दिरहमच्या फ्लॅटचा एक टक्का म्हणजे महिन्याला सहा हजार दिरहम. शिवाय मध्ये आणि ताबा घेताना मोठ्या रकमा असतातच. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत त्या दिल्या होत्या.

नोकरी गेली आणि हप्ते थांबले तर काय? बिल्डर लँड डिपार्टमेंटकडे जातो, खरेदीदाराला तीस दिवसांची नोटीस मिळते. तेवढ्यात पैसे भरले नाहीत किंवा तडजोड झाली नाही, तर करार मोडता येतो. बांधकाम साठ टक्क्यांपेक्षा कमी झाले असेल, तर बिल्डर फ्लॅटच्या किमतीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो. त्याहून जास्त झाले असेल तर चाळीस टक्क्यांपर्यंत. हे टक्के तुम्ही भरलेल्या पैशाचे नाहीत, पूर्ण किमतीचे आहेत. म्हणजे सहा लाखांच्या फ्लॅटसाठी तुम्ही १ लाख ८० हजार भरले आणि हप्ते थकले, तर त्यातले दीड लाखही जाऊ शकतात. हातात उरणार ३० हजार. आखातातील नोकरी आज आहे, उद्या नाही. म्हणून किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय अशा करारावर सही करू नये, असे माझे मत आहे.

तयार फ्लॅट बँकेच्या कर्जावर घ्यायचा म्हटले तरी हिशेब आधी मांडा. परदेशी माणसाला पहिल्या घरासाठी, किंमत ५० लाख दिरहमपर्यंत असेल तर, बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देऊ शकते. सहा लाखांच्या फ्लॅटला १ लाख २० हजार स्वतःचे लागतील. नोंदणीची फी चार टक्के, म्हणजे २४ हजार. दलालाचे साधारण दोन टक्के, म्हणजे १२ हजार आणि त्यावर पाच टक्के व्हॅट. एवढ्यातच दीड लाखाच्या वर गेलो. बँकेचे मूल्यांकन, गहाणाची नोंद आणि इतर शुल्के निराळी. पुढे दरवर्षी इमारतीच्या देखभालीचा खर्च येतो, तो क्षेत्रफळावर आकारला जातो. आपल्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स असतो तसाच, पण लिफ्ट, गारवा, पोहण्याचा तलाव यांमुळे तो बराच मोठा असू शकतो. मागच्या मालकाची थकबाकी नाही, याची खात्री बिल्डरच्या ना-हरकत पत्राने करून घ्यावी.

घर झाले म्हणजे तिथे कायम राहता येईल, हाही गैरसमज आहे. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी किमान २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. छोट्या फ्लॅटच्या मालकाने ‘नोकरी गेली तरी व्हिसा आहेच’ असे दलालाच्या शब्दावर धरून चालू नये.

लंडनच्या घराचा धडा

काका म्हणाले, ‘‘नाव लागलं, पैसे फिटले, मग तरी सुटलो ना?’’ अजून एक गोष्ट उरते. ती समजण्यासाठी आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या एका घराचे उदाहरण घेऊ.

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. विद्यार्थिदशेत, १९२१-२२ मध्ये, बाबासाहेब तेथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घर शासनाच्या मालकीचे झाले. पण त्या भागाच्या नियोजनात ते ‘राहते घर’ होते. संग्रहालय म्हणून त्याचा वापर करायचा तर तेथील कॅम्डेन कौन्सिलची परवानगी हवी होती. काही शेजाऱ्यांनी गर्दीची तक्रार केली. २०१८ मध्ये कौन्सिलने वापर बदलण्यास परवानगी नाकारली. अपील झाले, २०१९ मध्ये सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी संग्रहालयास मान्यता दिली, तेव्हा कुठे प्रश्न सुटला.

शासनाजवळ वकील होते, पैसा होता, आणि जगभरातील अनुयायांचे लक्ष त्या घराकडे होते. तरी साडेचार वर्षे गेली. आपल्यासारख्या माणसाचे काय होईल? मालकी एक आणि वापराची परवानगी दुसरी, हा त्या घराचा धडा आहे.

दुबईतही हेच लागू पडते. ‘पर्यटकांना रोजाने द्या, हप्ता आपोआप फिटेल’ असे दलाल सांगतो. पण असे भाडे घेण्यासाठी पर्यटन खात्याचा परवाना लागतो. वर्षाच्या कराराने दिले तर त्याची ‘एजारी’ नोंद करावी लागते. फ्लॅटमध्ये आधीच भाडेकरू असेल, तर स्वतः राहायला जाण्यासाठी त्याला बारा महिन्यांची रीतसर नोटीस द्यावी लागते. म्हणून घर कशासाठी घेतो हे आधी ठरवा आणि त्या वापराला तेथे मुभा आहे का, ते सही करण्यापूर्वी पाहा.

सुनेचे नाव कुठे आहे?

निघताना मी काकांना विचारले, ‘‘घर कोणाच्या नावाने?’’ ते म्हणाले, ‘‘पोराच्या. दुसऱ्या कोणाच्या?’’ मी म्हणालो, ‘‘हप्त्याचे अर्धे पैसे सूनबाईच्या रात्रपाळीचे आहेत ना?’’ काकू चटकन म्हणाल्या, ‘‘अर्ध्याहून जास्त.’’

मग टायटल डीडवर दोघांची नावे हवीत. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांना हे वेगळे सांगायला नको. वारसाचा विचारही तेव्हाच करावा. मुस्लिमेतरांसाठी तेथे १ फेब्रुवारी २०२३ पासून नवा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्यानुसार निम्मी मालमत्ता जोडीदाराला आणि निम्मी मुला-मुलींना समान मिळते. तरीही मृत्युपत्र नोंदवून ठेवणे बरे, म्हणजे मागे राहिलेल्यांची धावपळ वाचते. आणि मुलगा-सून कायमचे परत आल्यावर, भारतातील पूर्ण रहिवासी ठरले की, ते घर प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावे लागेल. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली ते न दाखवल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

हे कात्रण जपून ठेवा

१. जागा परदेशी व्यक्तीच्या मालकीसाठी खुल्या असलेल्या भागात आहे का, ते पाहा.

२. प्रकल्प, बिल्डर आणि दलाल यांची सरकारी नोंद स्वतः तपासा. दलालाने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

३. बांधकामाधीन घराचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच भरा. रोख नाही, हवाला नाही.

४. तयार घराचा व्यवहार लँड डिपार्टमेंटने मान्य केलेल्या नोंदणी कार्यालयातच पूर्ण करा. नोंद आणि पैसे एकाच वेळी.

५. दलालाला मुखत्यारपत्र देऊ नका.

६. करार इंग्रजी-अरबीत असतो. समजला नाही तर स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. बिल्डरचा वकील बिल्डरचाच असतो.

७. ‘आजच भरा’ म्हणणाऱ्याला ‘उद्या बघू’ म्हणा. खरे घर एका रात्रीत पळून जात नाही.

काका-काकूंचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. पाच लाख त्यांनी दिले नाहीत. पंचवीस हजारांचे टोकन मात्र अजून परत आलेले नाही. दलाल आता फोन उचलत नाही. पावती आहे, म्हणून काकांनी पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. मुलगा आणि सून यांनी घराचा विचार सोडलेला नाही. दोघांच्या नावाने बचत करून दोन वर्षांनी तयार फ्लॅट पाहायचे त्यांनी ठरवले आहे. परवा सुनेचा फोन आला होता. म्हणाली, ‘‘भाऊ, आता मी स्वतः जाऊन भिंतीला हात लावून येईन, नोंद बघेन, मगच पैसे.’’

आपल्या ओळखीत कोणी परदेशात घर घेण्याच्या विचारात असेल, तर त्याला हे सदर वाचून दाखवा. आणि टोकन देण्याआधी दाखवा, नंतर नव्हे.